खुर्चीखालचं नाव

तीस वर्षं मी ह्यांच्या मागे लागले होते, की दारावर एक पाटी लावा. साधी, पत्र्याची, चार अक्षरांची. दरवेळी हे मान हलवायचे आणि पुन्हा चाकात डोकं घालायचे. आमच्या ह्यांचं मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे मला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी मागे लागणं सोडलं नाही. मीही काही कमी नाही.

पाटी नव्हती म्हणून कुणाचं अडत नव्हतं, हेही खरं. कुणालाही विचारा, "चाकवाल्यांकडे जायचंय ना? लाकडाच्या वखारीमागे, लांबट शेड आहे बघा," असं सांगून तो माणूस अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडायला यायचा. अपघातात पाय गेलेले, अर्धांगवायू झालेले, कंबर मोडलेले, अशांसाठी हे चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करायचे. भंगारातल्या तीन खुर्च्यांची एक धड खुर्ची करायचे आणि ती लागेल तितके दिवस वापरायला द्यायचे. भाडं नाही, अनामत नाही. कुणी खुशीने काही दिलं तर त्यातून टायर यायचे, बेअरिंग यायचं, बैठकीचं रेक्झीन यायचं. घर माझ्या पगारावर चालायचं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी सत्तावीस वर्षं चादरी धुतल्या. हे मी ऐकवण्यासाठी सांगत नाहीये. बरं, थोडं ऐकवण्यासाठीही सांगते आहे.

हे सगळं सुरू झालं ते ह्यांच्या धाकट्या भावापायी, माझ्या भाऊजींपायी. दोघे भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होते. एके दिवशी जॅक सरकला आणि भाऊजींचे दोन्ही पाय कामातून गेले. कुठल्याशा संस्थेने चाकांची खुर्ची दिली. नवीकोरी, चकचकीत. तिच्या पाठीवर मात्र हाताच्या पंजाएवढ्या पिवळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव रंगवलेलं होतं, 'यांजकडून गरजूंस सप्रेम भेट'. भाऊजी तिच्यात बसले आणि अकरा महिने घराबाहेर पडले नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जरा न्हाव्याकडे तरी जाऊन या, ऋषी दिसायला लागलात."

"वहिनी, मी काय भिंत आहे का, लोकांच्या जाहिराती लावून फिरायला?" ते म्हणाले. हसत म्हणाले, पण नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ह्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दुपारी पॉलिश कागद घेऊन बसले आणि पाठीवरची सगळी अक्षरं घासून काढली. मला वाटलं, झालं, संपलं. पण हे उठेनात. डेपोतून लोखंडावर अक्षरं उठवायचे ठसे आणले होते, ते काढले. बोटभर पत्र्याच्या पट्टीवर त्या देणाऱ्याचं नाव एकेक अक्षर ठोकत उठवलं, खाली साल घातलं, आणि ती पट्टी बैठकीच्या खाली, कात्रीसारख्या दुमडणाऱ्या दांडीवर दोन रिव्हेट मारून बसवली. मी विचारलं, "हा काय उद्योग? नकोच होतं ना नाव?"

"त्याने दिली ना खुर्ची," हे म्हणाले. "त्याचं नाव टाकून कसं देणार? फक्त बसणाऱ्याच्या पाठीवर नको."

त्याच संध्याकाळी भाऊजी न्हाव्याकडे गेले. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं. भाऊजी आता नाहीत. त्यांची खुर्ची त्यांच्यानंतर सहा जणांनी वापरली, आणि ती पट्टी अजून जागेवर आहे.

पुढे ह्यांनी डेपो सोडून हेच काम धरलं, आणि तेव्हापासून तो नियमच झाला. कुणी खुर्चीसाठी पैसे दिले, की त्याच्या नावाची पट्टी बैठकीखाली. बघायची असेल तर गुडघ्यावर बसून मान वाकडी करायची. बहुतेक देणारे एकदाच वाकून बघायचे, हसायचे आणि निघून जायचे. पावतीपुस्तक नाही, फलक नाही, फोटो नाही. मी म्हणायची, "अहो, तुमचं स्वतःचं नाव तरी कुठे आहे ह्यात?" हे म्हणायचे, "माझं कशाला? मी कुठे काय दिलंय?" यावर माणसाने डोकं कशावर आपटावं ते सांगा.

दोन वर्षांपूर्वी चौकाचौकांत एक चित्र लागलं. त्यात एक चाकांची खुर्ची, मागे उगवता सूर्य, आणि ठसठशीत अक्षरांत 'चाकवाले सेवा प्रतिष्ठान'. खाली फोन नंबर. मला आधी वाटलं, ह्यांच्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला. विचारलं तर हे त्या चित्राकडे बघून म्हणाले, "पुढची चाकं चुकीची काढली आहेत." एवढंच.

ते प्रतिष्ठान चालवणारा गृहस्थ मी वर्तमानपत्रात पाहिला. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर इतकं गुळगुळीत की त्यावरून माशी घसरावी. मी त्याचं नावच गुळगुळीत ठेवलं. त्याच्याकडे फोनवर बोलणारी दहा माणसं होती. ती घरोघरी फोन करायची, "चाकवाल्यांकडून बोलतोय, ओळखत असालच." लोक ओळखत होतेच! ओळख आमच्या ह्यांची, पैसे त्यांच्या पेटीत. गेल्या उन्हाळ्यात निवृत्त मास्तरांनी मला भाजीच्या दुकानात थांबवून सांगितलं, "तुमच्या माणसाला दिले हो मी मागच्या महिन्यात." मी म्हटलं, "कोणत्या माणसाला?" मास्तर खजील झाले, मग चिडले, मग पुन्हा खजील झाले.

आणि एक आजी आल्या. त्यांनीही फोनवर 'चाकवाल्यांना' दिले होते. आता त्यांचे यजमान पडले होते, म्हणून त्या हक्काने आमच्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या, "मी दिलंय तुम्हाला, आता माझी वेळ आली आहे." मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी कोपऱ्यातली सगळ्यात चांगली खुर्ची काढली, चाकांत हवा भरली, पाय ठेवायची फळी आजोबांच्या मापाची करून दिली. आजी गेल्यावर मी म्हटलं, "त्यांचे पैसे आपल्याकडे आलेच नव्हते!"

"त्यांनी आपल्यालाच दिले होते," हे म्हणाले. "आले नाहीत, ती वेगळी गोष्ट."

मी हात टेकले. पण खरं सांगते, त्या दिवशी मी ह्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग सरकारी कार्यालयातून नोटीस आली, आणि तीसुद्धा आम्हाला. गुळगुळीतने तक्रार केली होती की 'चाकवाले' हे नाव त्याच्या संस्थेचं, रीतसर नोंदवलेलं, आणि वखारीमागचा एक अनोंदणीकृत इसम ते वापरून लोकांची दिशाभूल करतो. इसम! सुनावणी होईपर्यंत आम्ही कुणाकडून काही घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. वखारीचा मालक भला माणूस, शेड फुकट वापरू देत होता. पण तोही मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, निकाल विरुद्ध गेला, फसवणुकीचा शिक्का बसला, तर मला शेड परत घ्यावी लागेल. माझाही परवाना आहे." म्हणजे नाव तर जाणारच होतं, त्यामागोमाग शेड, सत्तर-ऐंशी खुर्च्या, आणि ह्यांचं सकाळी उठण्याचं कारणही जाणार होतं. ह्यांनी नोटीस वाचली, घडी केली आणि एका डुगडुगणाऱ्या चाकाखाली ठेवली.

मी ती तिथून काढून घेतली आणि तडक नोंदणी कार्यालयात गेले. दोन जिने चढून वर पोचेपर्यंत माझा पारा चढलेलाच होता. नावांच्या तक्रारी बघणारी अधिकारी एक बाई होती. बुटकी, चष्म्याला दोरी, केसांत पेन्सिल खोचलेली. टेबलावर कायद्याचं एकच पुस्तक, कापडी चिकटपट्टी लावून लावून जगवलेलं. मी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. "ज्याच्याकडे कागद त्याचं नाव, असाच ना तुमचा कायदा? मग सुनावणी कशाला करता? निकालच पाठवा पोस्टाने!"

तिने मला बोलू दिलं. अगदी पुरतं बोलू दिलं. मग पाण्याचा पेला पुढे केला, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "ज्या नावामुळे देणाऱ्याचा असा गैरसमज होईल की आपण एकाला देत आहोत, आणि ते प्रत्यक्षात दुसऱ्याला जाईल, अशा नावाने कोणीही मदत मागू नये." मग चष्मा खाली करून म्हणाली, "यात आधी नोंदणी कुणी केली, असा शब्द दिसला तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

"नाहीच आहे. नोंदणीने कागद मिळतो. हा नियम देणाऱ्यासाठी आहे. देताना त्याच्या मनात कोण होतं, एवढंच मला शोधायचं असतं."

कायदा म्हणजे कागदवाल्यांनी कागदवाल्यांसाठी केलेली सोय, असं मी जन्मभर मानत आले होते. आणि इथे एका चिकटपट्टीच्या पुस्तकात कुणीतरी त्या मास्तरांचा, त्या आजींचा विचार करून ठेवला होता. कोण असेल तो लिहिणारा, देव त्याचं भलं करो.

"पण हा नियम दोघांनाही लागू आहे," बाई म्हणाली. "ते म्हणतात, लोक त्यांना द्यायला निघतात आणि तुमच्या शेडवर पोचतात. त्यांच्या आधीपासून लोक तुम्हालाच या नावाने देत होते, हे दाखवावं लागेल. पाटी आहे?"

काय सांगू, तीस वर्षांची सगळी भांडणं माझ्या डोळ्यांपुढून गेली. "नाही."

"पावत्या?"

"नाहीत."

"मग काय आहे?"

"माणसं आहेत," मी म्हटलं. "खुर्च्यांतली."

"मग त्यांना आणा. खुर्च्यांसकट." मग तिला काहीतरी आठवलं. "आपली लिफ्ट बंद आहे. त्यांना वर कसं आणणार? मीच खाली येते."

मी आठवडाभर घरोघरी फिरून सात जणांना तयार केलं. त्यांतली हुकमाची राणी म्हणजे शिंपीणबाई. कंबरेखाली हालचाल नाही, पण तोंड असं की कात्रीला धार लावायची गरज नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती वेळ विचारायला शेडवर आली. ह्यांनी सहज म्हणून तिच्या खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि सरळ होत म्हणाले, "ब्रेक ढिला आहे. खुर्ची आज इथेच राहू दे. उद्या तू घरीच थांब."

"अहो, उद्या तर यायचंय तिला!" मी म्हटलं.

"दुसरे आहेत की सहा जण."

"त्या सहा जणांचं मिळून हिच्याएवढं बोलून होत नाही. ब्रेक परवा करा."

"नाही, म्हणजे... उतारावर... तिथे पायऱ्यांपाशी..." हे अडखळायला लागले. ब्रेकबद्दल बोलताना ह्यांना अडखळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, घाबरले आहेत बिचारे. मीच शिंपीणबाईला तिच्या खुर्चीसकट घरी पोचवून आले, आणि सकाळी न्यायला येते असं बजावून ठेवलं.

सुनावणी कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत झाली. बाईने पहारेकऱ्याचं टेबल मागून घेतलं होतं. येणारेजाणारे थबकून बघत होते. एका बाजूला गुळगुळीत आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आमच्या सात खुर्च्या ओळीने, त्यांच्यामागे हे. हात धुऊन आले होते, तरी नखांत ग्रीस होतंच. गुळगुळीत ह्यांच्याकडे बघत नव्हता. नवल म्हणजे हेही त्याच्याकडे बघत नव्हते.

वकील छान बोलला. पाटी नाही, पावती नाही, नोंद नाही. आज कुणीही उठून म्हणेल की मला पूर्वीपासून चाकवाले म्हणतात. हे सातही लोक उपकाराखालचे, ते ह्यांच्याच बाजूने बोलणार. दोन वर्षांपूर्वी आमच्या अशिलाने नाव नोंदवलं, त्याच्याआधी कुणी एका माणसाने तरी ह्यांना या नावाने काही दिल्याचा पुरावा आहे का? शिंपीणबाईने तोंड उघडलं, पण तिचं बोलणंही वकिलाने 'उपकाराखालचं' म्हणून झटकून टाकलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "नावं आहेत की! देणाऱ्यांची! प्रत्येक खुर्चीखाली आहेत, सालासकट!"

ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. "ती दाखवायची नाहीत," हे हळू म्हणाले.

बाईने ऐकलं. "का?"

हे उभे राहिले. ह्यांना चार लोकांत बोलायची सवय नाही, मानेवर घाम दिसत होता. "बाई, लोकांनी ती नावं खाली लावायला दिली होती. वर आणायला नाही. माझी शेड वाचवायला मी त्यांची नावं चारचौघांत वाचून घेऊ का? मी त्यांना विचारलेलं नाही."

वकील हसला. शेड हातातून चालली होती आणि हा माणूस परवानगीच्या गोष्टी करत होता! मला ह्यांच्या डोक्यात पाना घालावासा वाटला. पण ती बाई हसली नाही. तिने केसांतली पेन्सिल काढली, जरा वेळ बोटांत फिरवली, आणि म्हणाली, "नाव मी मोठ्याने वाचणार नाही. फक्त साल वाचेन. चालेल?"

ह्यांनी तरी ओळीतल्या तिसऱ्या खुर्चीकडे, शिंपीणबाईच्या खुर्चीकडे पाहिलं. मग सावकाश मान हलवली. तो होकार होता की नव्हता, मलाही कळलं नाही.

खुर्च्यांत माणसं बसलेली, म्हणजे खुर्ची दुमडता येणार नव्हती. बाईने पहारेकऱ्याची बॅटरी घेतली, आणि सगळ्यांच्या देखत फरशीवर गुडघे टेकून बसली. एवढी मोठी अधिकारी, येणारेजाणारे बघताहेत, आणि ती मान वाकडी करून पहिल्या खुर्चीखाली बघते आहे. "चौदा वर्षांपूर्वीचं साल," ती म्हणाली. गुडघ्यांवरच सरकली. "एकवीस वर्षांपूर्वीचं." पुन्हा सरकली. शिंपीणबाईच्या खुर्चीखाली बॅटरी बराच वेळ थांबली. "नऊ वर्षांपूर्वीचं," ती म्हणाली, पण तिथून हलली नाही. पुन्हा वाचलं. मग उठली, साडीवरची धूळ झटकली, आणि गुळगुळीतकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही स्वतः येऊन बघता का?"

वकील म्हणाला, "त्याची काय आवश्यकता?"

"मी नाव वाचणार नाही असं सांगितलंय. म्हणून त्यांना विचारते."

गुळगुळीत आला. इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यावर बसला आणि मान वाकडी केली. शिंपीणबाईने मदत म्हणून झगा सावरून धरला. खाली त्याने काय पाहिलं ते आम्हाला दिसत नव्हतं, पण त्याची पाठ दिसत होती. ती आधी ताठ होती. मग खांदे उतरले. बराच वेळ तो उठेना. त्याने हात घालून अंगठ्याने त्या पट्टीवरून पुसल्यासारखं केलं. नंतर मला कळलं की वरच्या ओळीत त्याच्या आईचं नाव होतं आणि खालच्या ओळीत त्याचं स्वतःचं. आई शेवटचं दीड वर्ष आमच्याच खुर्चीत होती. ती गेल्यावर तिची खुर्ची परत करायला तो आला, आणि तिच्या नावाने आणखी एका खुर्चीचे पैसे देऊन गेला. मी तेव्हा लाँड्रीत कामावर असायची, मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. पट्टी पाठीवर असती, तर कुठे ना कुठे ती खुर्ची त्याच्या नजरेला पडली असती आणि तो सावध झाला असता. खाली असल्यामुळे तो विसरून गेला होता.

तो उभा राहिला तेव्हा बाईने एकच प्रश्न विचारला. "ही दिलीत तेव्हा, कुणाला देतो आहे असं तुमच्या मनात होतं?"

वकिलाने त्याच्या कोपराला हात लावला. तो खोटं बोलू शकला असता. आठवत नाही म्हणाला असता, तरी कोण काय करणार होतं? पण अंगठ्याला त्या पट्टीवरची धूळ लागली होती, आणि तो त्या अंगठ्याकडेच बघत होता.

"चाकवाल्यांना," तो म्हणाला.

"म्हणजे कुणाला?"

त्याने पहिल्यांदा ह्यांच्याकडे पाहिलं. "ह्यांना."

माझा जीव भांड्यात पडला तो आवाज त्या जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल. बाईने तिथेच उभ्या उभ्या निकाल सांगितला. प्रतिष्ठानने ते नाव सोडायचं. त्या नावाने ज्यांनी ज्यांनी दिलं, त्या प्रत्येकाला पत्राने खरं काय ते कळवायचं, आणि मागेल त्याला परत करायचं. मग ती ह्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही. नोंदणी करा आणि दारावर पाटी लावा. हा सल्ला नाही, आदेश आहे."

तीस वर्षं! तीस वर्षं मी जे सांगत होते ते सरकारने दोन वाक्यांत केलं. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की ह्यांनी नजर जिन्याकडे वळवली. त्या बाईचे मी पायच धरले असते, पण तिचेच गुडघे धुळीने माखलेले होते. मी माझ्या पदराने ते झटकले, आणि ती "अहो, अहो" करत राहिली.

आठवड्याने गुळगुळीत शेडवर आला. एकटाच. दारात उभा राहून म्हणाला, "काका, ती पट्टी काढून टाका. मला लाज वाटते."

हे टायर चढवत होते. वर न बघता म्हणाले, "वरचं नाव तुमच्या आईंचं आहे. ते काढायचं तर त्यांना विचारायला हवं." मग जरा वेळाने, "बसा ना. तो पाना द्या इकडे." तो बसला. दोन तास पाने देत राहिला. त्याच्याबद्दल माझं मत फारसं बदललं नाही, पण त्या दिवशी मी त्यालाही चहा दिला.

त्याच संध्याकाळी शिंपीणबाईची खुर्ची शेडमध्ये आली. ब्रेक परवा करा, असं मीच म्हटलं होतं, आणि त्या परवाला आठवडा होत आला होता. हे बाहेर हात धूत होते. मी सहज ब्रेकचा दांडा ओढून बघितला. घट्ट होता. दुसऱ्या बाजूचा ओढला. तोही घट्ट. खुर्ची ढकलून पाहिली, तर जागची हलेना.

मी तशीच खुर्चीला धरून उभी राहिले. हे हात पुसत आत आले, मला बघितलं आणि थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सगळ्या पट्ट्या मीच तर ठोकल्या आहेत."

"आणि तिला घरी थांब म्हणालात! शेड गेली असती!"

"गेली असती."

"मग? बोलला का नाहीत?"

हे टॉवेलची घडी करत राहिले. "आईच्या नावाने दिली होती त्याने. ते नाव त्याच्यावरच कसं उगारायचं?"

मला इतका राग आला, आणि त्याच वेळी ह्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की आधी काय करावं तेच कळेना. पस्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाच खोटं बोलला होता, आणि तेही अशा माणसाची लाज राखायला, जो त्याचंच नाव घेऊन चालला होता.

पाटी लागली. पत्र्याची, साधी, चार अक्षरांची. नोंदणीच्या अर्जात संस्थापकाच्या नावाची ओळ होती, तिथे ह्यांनी भाऊजींचं नाव लिहिलं. बाईने ते खोडायला लावलं आणि खरं लिहून घेतलं. पण तो अर्ज कपाटात गेला. पाटीवर ह्यांनी स्वतःचं नाव घालू दिलंच नाही.

म्हणून मग एका दुपारी हे टायर आणायला गेलेले असताना मी ठशांची पेटी काढली. पत्र्याची पट्टी कापली. ह्यांचं नाव तसं लहान आहे, पण मला दीड तास लागला. अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली, आणि मधलं एक अक्षर वाकडं उठलं. खाली साल घातलं, भाऊजी पहिल्यांदा न्हाव्याकडे गेले त्या वर्षाचं. रिव्हेट मारता येत नव्हते म्हणून दोन स्क्रू लावले.

हे ज्या स्टुलावर बसून काम करतात, त्याच्या खाली ती आहे. त्यांना अजून माहीत नाही. रोज सकाळी येतात, स्टूल पुढे ओढतात आणि त्यावर बसून कामाला लागतात.